मोबाईल फोडला, शाळा सोडवली. पण शिक्षा कुणाला झाली?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. जानेवारी महिना होता. गॅदरिंग होऊन आठवडाही झाला नव्हता. दुसरा तास संपवून मी स्टाफरूममध्ये आलो, तर नववीतल्या एका मुलीचे वडील माझी वाट बघत उभे होते. गॅरेजमध्ये काम करणारा साधा माणूस. हाताला ऑईल तसंच. त्यांनी खिशातून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. फुटलेला मोबाईल होता. काच चक्काचूर झालेली, मागचं झाकण निघालेलं.

"सर, ये देखो. फोड डाला मैं. अब छोकरी कू मोबाईल बी नक्को, स्कूल बी नक्को. दाखला दे देव."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. हळूहळू सगळं कळलं. इन्स्टाग्रामवर त्यांच्या मुलीच्या नावाने कुणीतरी खातं उघडलं होतं. गॅदरिंगमधला तिचा फोटो लावला होता. त्या खात्यावरून तिच्या नावाने मुलांना घाणेरडे मेसेज जात होते आणि त्याचे स्क्रीनशॉट वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत होते. चार दिवसांत आमची शाळा, शेजारची शाळा, ट्यूशन, मोहल्ला सगळीकडे झालं. शेवटी मशिदीबाहेर कुणीतरी वडिलांना थांबवून दाखवलं. ते घरी गेले आणि मोबाईल जमिनीवर आपटला.

आता एक गोष्ट नीट वाचा. तो मोबाईल त्या मुलीचा नव्हताच. तिच्या अम्मीचा होता. मुलीकडे स्वतःचा मोबाईल नव्हता, इन्स्टाग्रामवर तिचं खातं नव्हतं. संध्याकाळी होमवर्क बघण्यापुरता अम्मीचा फोन तिच्या हातात यायचा. म्हणजे जिथे तिची बदनामी चालली होती तिथे ती हजरच नव्हती. तरी फुटला तिच्या घरातला मोबाईल. बंद झाली तिची शाळा.

आणि ज्यांनी हे केलं? तिच्याच वर्गातली दोन मुलं निघाली. फोटो देणारी तिचीच एक मैत्रीण. त्यांना ऑफिसात बोलावलं, कान पिळले, माफीनामा लिहून घेतला. "शाळेचं नाव खराब होईल, बाहेर जाऊ देऊ नका" असं ठरलं. मी त्या खोलीत होतो. मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती मुलं आपापल्या बाकावर येऊन बसली. आठवड्याने मुलीचा दाखला निघाला. ती मुलं पुढे दहावी पास झाली, कॉलेजात गेली. मुलगी घरी बसली.

मित्रहो, हा लेख मी मोबाईलच्या विरोधात लिहीत नाहीये. तसे लेख खूप झाले. मला विचारायचंय ते वेगळं आहे. आपल्याकडे एखाद्या मुलामुलीचा छळ होतो तेव्हा आपण शिक्षा कुणाला करतो?

"मोबाईलने पिढी बिघडवली" हे अर्धसत्य आहे

कुठल्याही जलशात, पालकसभेत, जुम्याच्या बयानात, लग्नाच्या पंगतीत हे वाक्य ऐकू येतं. बोलणारा स्वतः एका हातात मोबाईल धरून बोलत असतो ते सोडा. पण वाक्य सोयीचं आहे. मोबाईलवर सगळं ढकललं की घर सुटतं, शाळा सुटते, समाज सुटतो. मोबाईल काही उलट उत्तर देत नाही.

छळ मोबाईलने जन्माला घातला नाही. वर्गात एकाला गाठून चिडवणं, त्याचा डबा फेकणं, त्याच्या बापाच्या धंद्यावरून नाव पाडणं, रंगावरून, जाडीवरून, बोबड्या बोलण्यावरून, बायकी चालण्यावरून छळणं हे आमच्या वेळीही होतं. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याचे वडील गाद्या पिंजायचे. त्याला दहावीपर्यंत कुणी नावाने हाक मारली नाही. 'पिंजाऱ्या' हेच त्याचं नाव. हाक मारणारे आम्ही सगळे मुसलमानच होतो. इस्लाममध्ये जातपात नाही असं भाषणस्पर्धेत सांगून बक्षीस घेणारेही आम्हीच होतो.

मग आता नवीन काय आहे? तर फरक आहे, आणि तो मोठा आहे.

पूर्वी पाच वाजता शाळेची घंटा व्हायची आणि छळ सुटायचा. घरी गेलं की दार लावता येत होतं. रविवार मोकळा असायचा, उन्हाळ्याची सुट्टी असायची. नवीन इयत्तेत काही गोष्टी विसरल्याही जायच्या. आज घंटेनंतर छळ सुरू होतो. तो रात्री अकरा वाजता उशीखाली येतो, ईदच्या दिवशीही येतो. चिडवणारे पूर्वी पाच होते, आता बघणारे पाचशे आहेत आणि त्यांतले चारशे मुलाला ओळखतही नाहीत. पूर्वी बोललेलं हवेत जायचं, आता स्क्रीनशॉट राहतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पूर्वी चिडवणाऱ्याला समोरच्याच्या डोळ्यांतलं पाणी दिसायचं. कधीकधी त्यालाच लाज वाटायची आणि तो थांबायचा. आता अश्रू दिसत नाहीत, फक्त हसण्याचे इमोजी दिसतात. थांबायचं कारणच उरत नाही.

यात कुणाचा तरी धंदा आहे

हे आपोआप घडत नाही, हेही समजून घ्या. मुलाने स्क्रीनवर किती वेळ घालवला यावर ज्यांची कमाई ठरते, त्या कंपन्यांनी हा बाजार मांडलेला आहे. एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू करणं, सतत नोटिफिकेशन पाठवणं, लाईकचा आकडा सगळ्यांसमोर ठेवणं, मूल जिथे जरा थांबलं तेच त्याला पुन्हा पुन्हा दाखवणं. ही सगळी ठरवून केलेली रचना आहे.

ब्रिटनमधल्या मॉली रसेलचं उदाहरण प्रत्येक पालकाने माहीत करून घ्यावं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ही १४ वर्षांची मुलगी गेली. तिने स्वतःचा जीव घेतला होता. वरून ती हसतीखेळती दिसत होती. नंतर तपासात कळलं की शेवटच्या सहा महिन्यांत इन्स्टाग्रामवर तिने लाईक, सेव्ह किंवा शेअर केलेल्या सुमारे १६,३०० पोस्टपैकी २,१०० पोस्ट नैराश्य, स्वतःला इजा करणं आणि आत्महत्या याच विषयाच्या होत्या. एकदा उदास मजकूर बघितला, की तसाच मजकूर समोर येत राहिला. तिच्या वडिलांनी पाच वर्षं हा विषय सोडला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये लंडनच्या कोरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने, नैराश्याबरोबरच ऑनलाईन मजकुराच्या दुष्परिणामांचाही तिच्या मृत्यूत वाटा होता असा निष्कर्ष नोंदवला.

कंपन्यांना हे ठाऊक नव्हतं का? २०२१ मध्ये फेसबुकमध्येच काम केलेल्या फ्रान्सिस हॉगेन यांनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. त्यात कंपनीच्याच संशोधकांनी लिहिलेलं होतं, की किशोरवयीन मुलींपैकी दर तीनपैकी एकीच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल असलेला न्यूनगंड इन्स्टाग्राममुळे आणखी वाढतो. म्हणजे माहिती होती, धंदा चालू होता. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या चाळीसहून अधिक राज्यांनी याच कारणावरून या कंपनीवर खटले भरले.

हे दूरदेशीचं आहे असं समजू नका. २०२३ मध्येच आपल्या शेजारच्या राज्यात सोळा वर्षांच्या एका मुलाने दिवाळीला साडी नेसून रील टाकला होता. त्याखाली अनोळखी माणसांनी शिव्यांचा पाऊस पाडला. थोड्याच दिवसांत तो मुलगा गेला. अशा मृत्यूमागे एकच कारण असतं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं चुकीचं होईल. पण सोळा वर्षांच्या पोराला हजारो मोठी माणसं मिळून शिव्या देतात आणि त्यांतल्या एकालाही आपण काही केलं असं वाटत नाही, याला काय म्हणायचं?

आपली मुलं कुठून शिकतात?

१ जानेवारी २०२२ हा दिवस मुसलमान वाचक विसरलेले नसतील. 'बुल्ली बाई' नावाचं अॅप बनवून मुसलमान स्त्रियांचे फोटो 'लिलावा'साठी लावले होते. पत्रकार, वकील, विद्यार्थिनी, कुणालाही सोडलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी 'सुल्ली डील्स' झालं होतं. लिलाव खरा नव्हता, पण अपमान खरा होता. मुंबई आणि दिल्ली पोलिसांनी अटक केली तेव्हा मी चेहरे बघत होतो. त्यांत एक १८ वर्षांची मुलगी होती. २१ वर्षांचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. म्हणजे काही वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांना कायदा बालक म्हणत होता, त्या वयाची पोरं.

मला राग आला, तसाच एक शिक्षक म्हणून धक्काही बसला. ही पोरं कुणाच्या तरी वर्गात बसली होती. त्यांना कुणीतरी माझ्यासारख्या माणसाने निबंध लिहायला शिकवलं होतं. टीव्हीवर रोज रात्री एका समाजाला शिव्या, भाषणात शिव्या, घरातल्या ग्रुपवर काकांनी फॉरवर्ड केलेल्या शिव्या. मुलाने हेच बघितलं, तर तो वर्गात काय करेल? क्रिकेटची मॅच झाली की शेजारच्या बाकावरच्या अकबरला 'पाकिस्तानी' म्हणेल. अकबर हसून दाखवेल, कारण रडला तर अजून चिडवतील. घरी येऊन सांगणारही नाही. मराठी शाळांत शिकणाऱ्या मुसलमान मुलांच्या आईवडिलांना हे हसू ओळखीचं आहे. माझ्या हिंदू शिक्षक मित्रांना माझी हात जोडून विनंती आहे, की वर्गात हा शब्द ऐकू आला तर 'मस्करी आहे' म्हणून सोडू नका. तुमचं एक वाक्य त्या मुलाला आयुष्यभर पुरतं.

पण इथेच थांबलो तर मी अप्रामाणिक ठरेन. 'बुल्ली बाई'वर संतापणारे आपण, आपल्या मुलींच्या रीलखाली काय लिहितो ते उघडून बघा. एखाद्या मुलीने डोक्यावर दुपट्टा न घेता फोटो टाकला, की तिला जहन्नमचं तिकीट देणारे शेकडो. हिजाब घेऊन टाकला, तर 'हिजाबमध्ये नखरे' म्हणणारे शेकडो. मुलीने हॉकी खेळली, स्पर्धा परीक्षा पास होऊन सत्कार घेतला, तरी कॉमेंटमध्ये तिच्या कपड्यांचाच पंचनामा. लिहिणाऱ्यांच्या प्रोफाईलवर मक्केचा फोटो असतो. स्वतःच्या नजरेचा पडदा कुठे गेला, हे कुणी विचारत नाही. याला दीनची खिदमत म्हणू नका. हा छळ आहे आणि धर्माचं नाव घेऊन केलेला असल्यामुळे तो दुप्पट लाजिरवाणा आहे.

कुरआनातली सूरह अल्-हुजुरात आपल्या मोहल्ल्यातल्या निम्म्या लोकांना तोंडपाठ असेल. तिच्या अकराव्या आणि बाराव्या आयतीत काय आहे? कुणाची खिल्ली उडवू नका, एकमेकांना टोमणे मारू नका, वाईट नावं पाडू नका, संशय घेऊ नका, दुसऱ्याच्या खासगी गोष्टी हुडकत फिरू नका, पाठीमागे निंदा करू नका. पुरुषांना वेगळं आणि स्त्रियांना वेगळं सांगितलंय, म्हणजे कुणालाच सवलत नाही. आणि पाठीमागे केलेल्या निंदेची तुलना मेलेल्या भावाचं मांस खाण्याशी केली आहे. आता व्हॉट्सअॅप ग्रुपच्या एखाद्या दिवसाचा हिशेब या दोन आयतींसमोर ठेवून बघा. आमच्या इमामसाहेबांना मी विनंती केली, की मोबाईल हराम की हलाल यावर पुष्कळ बोलून झालं, एका जुम्याला फक्त या दोन आयतींवर बोला आणि 'फॉरवर्ड करणं' हा शब्द वापरून बोला. ते बोलले. नमाजनंतर दोनचार तरुण मान खाली घालून बाहेर पडले. एवढं तरी झालं.

मीही आरोपी आहे

आता माझी स्वतःची गोष्ट. ही लिहायची की नाही यावर बरेच दिवस गेले.

आठवीत एक मुलगा होता. अंगाने जाड. कविता पाठ करून आला नाही म्हणून मी एकदा भर वर्गात म्हणालो, "खाऊन खाऊन ढोल झालायस, डोक्यात काही जातं का?" वर्ग हसला. मीही हसलो. वर्ग हसला की शिक्षकाला आपला तास चांगला चालल्याचं समाधान मिळतं, हे कटू सत्य आहे. नंतर एकदोनदा मीही त्याला 'ए ढोल' अशी हाक मारली असेल.

दोन महिन्यांनी तो मुलगा शाळेत यायचा बंद झाला. घरी गेलो तेव्हा त्याच्या मोठ्या बहिणीने फोन दाखवला. मुलांनी त्याच्या फोटोला ढोलाचं अंग जोडून स्टिकर बनवला होता. कुणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं की तो स्टिकर, कुणी गृहपाठ विचारला की तो स्टिकर. काही स्टिकरवर खाली लिहिलेलं होतं, 'सरांनी दिलेलं नाव'.

बहीण मला काही बोलली नाही. "सर, चाय लेंगे?" एवढंच विचारलं. मी बीएडला बालमानसशास्त्राचा पेपर चांगल्या मार्कांनी पास झालो होतो. त्या चहाच्या कपासमोर मला त्यातलं एक अक्षरही आठवेना.

म्हणून सांगतो, शाळेतल्या छळाची सुरुवात अनेकदा फळ्याजवळून होते. नाव आम्ही पाडतो, मुलं फक्त त्याचं स्टिकर बनवतात. कोण 'ढ', कोण 'झोपडपट्टी', कोण 'त्यांच्यातला', हे मुलांना आमच्या तोंडातून कळतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यात एका शिक्षिकेने वर्गातल्या मुलांना एका मुसलमान मुलाला एकेक करून चापट मारायला लावल्याचा व्हिडिओ देशाने बघितला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मी तो बघून संतापलो होतो. पण माझ्या वर्गाने त्या जाड मुलाला शब्दांनी मारलं, तेव्हा पहिली चापट माझीच होती.

"आम्हालाही चिडवायचे, आम्ही काय मेलो?"

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणारे जिवंत आहेत म्हणूनच विचारू शकतात, एवढं उत्तर पुरे आहे. जे खचले, ज्यांनी शाळा सोडली, ते हा प्रश्न विचारायला पालकसभेत येत नाहीत. माझ्या वर्गातला तो पिंजाऱ्याचा मुलगा आज भेटला तर रस्ता बदलतो. दहावीच्या बॅचच्या ग्रुपमध्ये आम्ही त्याला घेतलं, तो एका मिनिटात बाहेर पडला. आम्हाला ती 'शाळेची मजा' वाटते, त्याला काय वाटतं हे आम्ही तीस वर्षांत विचारलेलं नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांमध्ये सगळ्यात वर महाराष्ट्र होता. त्यामागे परीक्षा, गरिबी, घरातली भांडणं, आजार अशी अनेक कारणं असतात. सगळं खापर छळावर फोडणं बरोबर नाही. पण 'मुलं नाजूक झालीत' म्हणून हात झटकणं त्याहून चुकीचं आहे.

दुसरा युक्तिवाद बंदीचा. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला मनाई केली, डिसेंबर २०२५ पासून ती लागू झाली. आपल्याकडेही तसंच करा असं अनेक जण म्हणतात. करा, चर्चा जरूर करा. पण त्या कायद्यातली एक गोष्ट आपले लोक सांगत नाहीत. तिथे नियम मोडला तर दंड कंपनीला आहे. मुलाला नाही, आईबापालाही नाही. आपली पद्धत उलटी आहे. आपण कंपनीला काही विचारत नाही, छळणाऱ्यालाही विचारत नाही. आपण मुलीचा मोबाईल काढून घेतो.

'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२३ च्या अहवालाने ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना विचारलं होतं. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांत स्वतःचा फोन असलेली मुलं सुमारे ४४ टक्के होती, मुली फक्त २० टक्के. म्हणजे फोन आधीच मुलांच्या हातात आहे आणि बंदीची पहिली कुऱ्हाड मुलींवर पडणार. आमच्या शाळेतली ती मुलगी फोनशिवायच होती. तिला कुठल्या बंदीने वाचवलं असतं? तिला वाचवू शकत होती तिच्या आजूबाजूची माणसं. वर्गातल्या चाळीस मुलांपैकी एकाने जरी पहिल्या दिवशी येऊन सांगितलं असतं, मैत्रिणीने फोटो दिला नसता, मशिदीबाहेर दाखवणाऱ्याने दाखवण्याआधी 'रिपोर्ट'चं बटण दाबलं असतं, आम्ही शिक्षकांनी शाळेच्या नावाआधी तिच्या नावाचा विचार केला असता, तर ती आज कॉलेजात असती.

मग करायचं काय?

आईवडिलांना सांगतो. मूल असं काही घेऊन तुमच्याकडे आलं, तर तुमच्या तोंडातून निघणारं पहिलं वाक्य सगळं ठरवतं. "तू फोटो काढूच कशाला दिलास?" हे वाक्य निघालं, की मूल पुन्हा कधी येणार नाही. "बरं झालं सांगितलंस, तुझी चूक नाही, आपण बघू" एवढं म्हणा. मोबाईल फोडू नका, त्यात पुरावा असतो. स्क्रीनशॉट काढा, त्या खात्याचं नाव, तारीख लिहून ठेवा. दुसऱ्याचं नाव आणि फोटो वापरून खोटं खातं चालवणं हा गुन्हा आहे. १९३० या सायबर हेल्पलाईनवर किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. मुलांसाठी १०९८ आहे. मूल गप्प झालं, जेवेना, झोपेना, जगण्यात काही राहिलं नाही असं बोलू लागलं, तर १४४१६ या 'टेली-मानस' हेल्पलाईनवर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही आणि उर्दूतही. नजर उतरवायची तर उतरवा, दुआही करा. पण डॉक्टरकडे जाण्यात बदनामी नाही.

शाळांना सांगतो. ज्याचा छळ झाला त्याच्या नव्हे, ज्याने केला त्याच्या पालकांना आधी बोलवा. अश्लील फोटो किंवा लैंगिक छळाचा प्रकार असेल तर पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तो शाळेने 'मिटवायचा' विषयच नाही. बाकी प्रकरणांत छळणारं मूलही मूलच आहे, त्याला तुरुंगात पाठवा असं मी म्हणत नाही. पण कान पिळून सोडणं म्हणजे सुधारणा नव्हे. त्याला समजावा, समुपदेशकाकडे न्या, आणि पीडित मुलाच्या बाकाला धक्का लागणार नाही याची हमी लेखी द्या. जागा सोडायची वेळ कुणावर आलीच, तर ती छळणाऱ्यावर यावी. आणि हो, तक्रारपेटीची किल्ली कुठे आहे ते एकदा शोधा.

मुलांना, विशेषतः मुलग्यांना सांगतो. तुम्ही खातं उघडलं नसेल, स्टिकर बनवला नसेल. फक्त हसलात, फक्त पुढे पाठवलंत. पण तुमच्या त्या 'फक्त'वरच हा सगळा खेळ चालतो. जिथे आलं तिथे थांबवा आणि त्या मुलाला वैयक्तिक मेसेज करा, "मी तुझ्या बाजूने आहे." चार शब्द आहेत. कधीकधी जीव वाचतो.

सावित्रीबाई शाळेत जायच्या तेव्हा त्यांच्या अंगावर शेण फेकायचे. दुसरं लुगडं सोबत घेऊन त्या जात राहिल्या. आपण दर ३ जानेवारीला ही गोष्ट मुलांना सांगतो. पण शेण फेकलं म्हणून जोतिबांनी त्यांना घरी बसवलं नाही, हा त्या गोष्टीतला अर्धा भाग आपण आईबापांना सांगत नाही.

शेवटचं. या वर्षी मी आणि आमच्या शाळेतल्या एक मॅडम त्या मुलीच्या घरी तीनदा गेलो. पहिल्यांदा वडील बोललेच नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाले, "सर, रिश्ता देख रहे." मी म्हटलं, "भाई, अजून अठराची नाही ती, कायद्याने गुन्हा होईल. आणि तिने केलंय काय, ते मला एकदा सांगा." ते गप्प राहिले. तिसऱ्यांदा तिच्या अम्मीनेच आतून कागदपत्रं आणून दिली. दहावीचा १७ नंबरचा फॉर्म भरला आहे. संध्याकाळी ती मॅडमकडे शिकायला येते.

याला मी यश म्हणणार नाही. तिची दोन वर्षं गेली, आणि ती आम्ही घालवली. त्या आठवीतल्या मुलाकडेही गेलो होतो. तो आता मामाच्या गावी दुसऱ्या शाळेत शिकतो. सुट्टीत आला होता. मी त्याच्या बहिणीसमोर, त्याच्या वडिलांसमोर त्याला पूर्ण नावाने हाक मारली आणि माफी मागितली. त्याने मान हलवली. माफ केलं की नाही, माहीत नाही. तो त्याचा हक्क आहे.

तुमच्याही आठवणीत असं एखादं मूल असेल, ज्याचं नाव तुम्ही बिघडवलं. त्याला शोधा.